ट्रॅक्टरमागची ट्रॉली: ऊसवाहतुकीच्या हंगामाआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यांत बॉयलर पेटले आणि गव्हाणीत पहिली मोळी पडली, की मोहोळ, माढा, करमाळा, पंढरपूर, माळशिरस, मंगळवेढा या सगळ्या पट्ट्यातून दरवर्षी तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. भर ट्रॅक्टर आणि ट्रॉलीवर आहे, कारण सोलापूर जिल्ह्यात ‘ट्रेलर ओढणं’ म्हणजे बहुतेक वेळा हेच. कार आणि पिकअपसाठी प्रश्न २० पाहा. दंडाचे आकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार आहेत. जागेवर भरायचं तडजोड शुल्क राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे ई-चलनावर रक्कम वेगळी दिसू शकते.

१. ट्रॅक्टरची आरसी आहे. मग ट्रॉलीची वेगळी नोंदणी कशाला?

ट्रॉली हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे म्हणून. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलरची व्याख्या वेगळी दिली आहे आणि कलम ६१ नुसार नोंदणीचे नियम ट्रेलरलाही लागू होतात. ट्रॉलीला स्वतःचा नंबर मिळतो (आपल्याकडे एमएच-१३, अकलूज कार्यालयाच्या हद्दीत एमएच-४५) आणि तो ट्रॉलीच्या बाजूला लिहायचा असतो.

मागच्या फळीवर मात्र ट्रॅक्टरचा नंबर हवा. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील, तर ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर. दहातल्या आठ ट्रॉल्यांवर हे उलटं किंवा अर्धवट असतं. ट्रॅक्टर बदलून ट्रॉली ओढणारे तर मागचा नंबर बदलायचं हमखास विसरतात. त्यांनी मागे पाटी अडकवायला दोन हुक ठेवावेत आणि ज्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली त्याची पाटी लावावी.

२. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली ट्रॉली पास होते का?

बनवणाऱ्याकडे त्या मॉडेलची टाइप-मंजुरी (त्या नमुन्याला मिळालेली अधिकृत मान्यता) असेल तरच. नोंदणीच्या अर्जाला (फॉर्म २०) विक्री प्रमाणपत्र (फॉर्म २१) आणि रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र (फॉर्म २२) जोडावं लागतं, आणि ही दोन्ही प्रमाणपत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्याकडूनच मिळतात. त्यामुळे इसार देण्याआधी फॉर्म २१, फॉर्म २२ आणि चॅसीवर ठोकलेला नंबर हे तिन्ही मिळणार का, ते विचारा. ‘कागद नंतर बघू’ असं उत्तर आलं तर ट्रॉली कितीही मजबूत असो, ती शेतातच राहणार.

जुनी ट्रॉली घेताना चॅसी नंबर आरसीशी ताडून पाहा. गंजलेला भाग नवीन टाकताना नंबराचा तुकडाच कापून टाकलेल्या ट्रॉल्या बाजारात आहेत. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं.

३. रस्त्यावर सोबत कोणते कागद लागतात?

ट्रॅक्टरची आरसी, प्रत्येक ट्रॉलीची आरसी, दोन्हींचा विमा, चालकाचं लायसन. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपमधले कागद चालतात. भाड्याच्या वाहतुकीला आणखी काय लागतं ते प्रश्न ५ मध्ये.

४. कारचं लायसन आहे. त्यावर ट्रॉलीसह ट्रॅक्टर चालवता येतो का?

होय. कायद्याच्या कलम २(२१) मध्ये हलक्या मोटार वाहनाची व्याख्या आहे आणि रिकामं वजन ७,५०० किलोपर्यंत असलेला ट्रॅक्टर तिच्यात बसतो. मागे ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं लायसन निकामी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी प्रकरणात २००१ मध्येच सांगितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेही हलक्या वाहनाचं लायसन असलेल्याला ७,५०० किलोखालच्या एकूण वजनाचं वाहतूक वाहन चालवता येतं, हे कायम केलं.

उलट मात्र होत नाही. लायसनवर फक्त ट्रॅक्टर असेल तर कार चालवता येणार नाही. नुसतं मोटारसायकलचं लायसन असेल तर ट्रॅक्टरसाठी ते नसल्यासारखंच, म्हणजे ५,००० रुपये दंड. वयाची अट १८ आहे, वाहतूक वाहनासाठी २०. बारावीतला मुलगा ‘फक्त काट्यापर्यंत’ घेऊन गेला आणि काही झालं, तर कलम १९९अ खाली पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

५. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून शेजाऱ्याचा ऊस भाड्याने नेला तर?

स्वतःचा ऊस, खत, बियाणं नेणं हा शेतीचा वापर. भाडं घेऊन दुसऱ्याचा ऊस, वाळू, विटा, मुरूम नेणं हा व्यवसाय. कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार केला असेल, तर ‘मी शेतकरीच आहे’ हे म्हणणं टिकत नाही, कारण करारात वाहनाचा नंबर आणि वाहतुकीचा दर दोन्ही लिहिलेले असतात. अशा वापरासाठी वाहन वाहतूक प्रकारात नोंदवावं लागतं. त्यासोबत पिवळी नंबरप्लेट, फिटनेस, परवाना आणि त्या प्रकारचा कर येतो.

खरा फटका चलनाचा नसतो, विम्याचा असतो. पॉलिसीवर ‘शेती वापर’ लिहिलं असेल आणि अपघात भाड्याच्या फेरीत झाला, तर विमा कंपनी शर्तीचा भंग दाखवते. न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी नुकसानभरपाई द्यायला लावतं आणि ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मृत्यूच्या दाव्यात ही रक्कम एवढी असते की जमीन विकूनही भागत नाही.

६. ट्रॅक्टरचा विमा आहे, त्यात ट्रॉली आपोआप येते का?

नाही. पॉलिसीत ट्रेलरचा वेगळा रकाना असतो. तिथे ट्रॉलीचा नोंदणी क्रमांक आणि तिचा हप्ता दिसला पाहिजे. दोन ट्रॉल्या असतील तर दोन नोंदी. नूतनीकरणाच्या वेळी एजंट मागच्या वर्षीचंच उतरवतो आणि मधल्या काळात घेतलेली दुसरी ट्रॉली राहून जाते. विमा नसताना रस्त्यावर आलात तर पहिल्यांदा २,००० आणि पुढे ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, पण हे आकडे प्रश्न ५ मधल्या रकमेपुढे काहीच नाहीत.

७. ट्रॉलीत किती टन ऊस भरायचा?

ट्रॉलीच्या आरसीवर दोन वजनं असतात, भरलेलं आणि रिकामं. त्यांतली वजाबाकी म्हणजे तुमचा ऊस. समजा भरलेलं वजन ८,००० किलो आणि रिकामं २,००० किलो लिहिलं आहे, तर ऊस ६ टन. फडातून ९ टन भरून निघालात तर ३ टन जास्त झालं. कलम १९४ नुसार २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, म्हणजे एकूण २६,०००. शिवाय जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीत आणि उतरवायचा खर्चही तुमचाच. माल बाजूला, पुढे-मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला, तरीही २०,००० रुपये आहेत.

काट्यावर मिळालेली पावती हा तुमच्याच खिशातला पुरावा असतो, हे लक्षात असू द्या. अपघातानंतर तीच पावती मागवली जाते.

‘खेप भरत नाही, डिझेल सुटत नाही’ ही तक्रार खरी आहे. तिचं उत्तर वाहतुकीच्या दरात शोधायला हवं, आरसीतली वजनं काही त्यासाठी बदलत नाहीत.

८. ५० एचपीचा ट्रॅक्टर आरामात ओढतो, मग अडचण काय?

ओढायला इंजिन लागतं, थांबवायला ब्रेक. विकताना एचपी सांगतात, ब्रेकचं कोणी सांगत नाही. नेहमीच्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. त्याचं स्वतःचं वजन दोन-अडीच टन, आणि मागून ढकलणाऱ्या ट्रॉलीचं त्याच्या तिप्पट-चौपट. आपल्याकडच्या बहुसंख्य ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणजे दहा-बारा टनांचं सगळं ओझं ट्रॅक्टरच्या दोन मागच्या टायरांवर थांबवायचं.

वेग ताशी २५ किलोमीटरवरून ४० वर नेला तर थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, अडीचपट होते. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच ट्रॅक्टरच्या दोन-तीन लांब्यांइतकं अंतर गेलेलं असतं.

काय करायचं:

पहिलं, ब्रेकची दोन पायडलं जोडणारी पट्टी. शेतात वळण घेताना एकाच बाजूचा ब्रेक दाबता यावा म्हणून ही पायडलं वेगळी करतात. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी पट्टी लावलीच पाहिजे. ती उघडी राहिली आणि घाईत पाय एकाच पायडलवर पडला, तर एकच चाक अडकतं, ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला आडवा करून उलटवते. पट्टी लावल्यावरही दोन्ही ब्रेक सारखे धरतात का, ते रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात पाहा. एका बाजूला ओढत असेल तर आधी जुळवून घ्या.

दुसरं, उतार. उड्डाणपुलावरून, कालव्याच्या भरावावरून उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे दरवर्षी दिसतात. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. मध्येच क्लच दाबला की इंजिनचा रोध संपतो आणि ट्रॉली मोकळी सुटते. भरल्या गाडीत तो गिअर पुन्हा पडत नाही.

तिसरं, नवीन ट्रॉली घेणार असाल तर ब्रेकवाली घ्या. हायड्रॉलिक किंवा एअर ब्रेकची ट्रॉली महाग पडते, पण ट्रॅक्टरला ट्रेलर-ब्रेकची जोडणी असेल तर हा खर्च सगळ्यात आधी करावा. एलईडीच्या माळा आणि टेप नंतर.

९. दोन ट्रॉल्या जोडल्यावर वेगळं काय सांभाळायचं?

प्रश्न ८ मधलं सगळं, दुपटीने. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकात ओढण्याच्या वजनाची मर्यादा असते. ती दोन्ही ट्रॉल्यांच्या एकत्रित वजनाला लागू होते, आणि त्यात ट्रॉल्यांचं स्वतःचं वजनही धरायचं.

जड ट्रॉली पुढे, हलकी मागे. मागची जड असेल तर ती डुलायला लागते आणि तिचा हेलकावा पुढच्या ट्रॉलीतून ट्रॅक्टरपर्यंत येतो. डुलायला लागली की ब्रेक मारू नका, स्टिअरिंग उलट-सुलट फिरवू नका. ॲक्सिलेटर हळूहळू सोडा, स्टिअरिंग सरळ धरा.

वळताना मागची ट्रॉली आतल्या बाजूने कापत जाते. चौकात डावीकडे वळताना फुटपाथलगत उभा असलेला सायकलवाला किंवा मोटारसायकलवाला तिच्या चाकात येतो. ट्रॅक्टर निघून गेला म्हणून तो बिनधास्त असतो.

१०. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. पुढे माणूस बसवला तर?

अजिबात नाही. कारण शोधा. बहुतेक वेळा ट्रॉली जोडलेली जागा फार उंच असते. ओढण्याचा बिंदू मागच्या धुरीच्या (ॲक्सलच्या) खालीच हवा, म्हणजे ड्रॉबार किंवा कंपनीने दिलेला ट्रॉली-हुक. टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडदांडीच्या) जागी किंवा धुरीला साखळी बांधून ओढलं, तर सगळा जोर ट्रॅक्टरला मागे पालथा घालायला लागतो, आणि उचललेला ट्रॅक्टर पालथा व्हायला दीड-दोन सेकंदही लागत नाहीत.

हुक बरोबर असेल तर पुढच्या बंपरला कंपनीची वजनं लावा आणि क्लच झटक्यात सोडू नका. एकाच धुरीच्या ट्रॉलीत माल फार पुढे भरला असेल, तरी असंच होतं (प्रश्न १२).

११. हुक आणि पिन कधी बदलायची?

हंगाम सुरू व्हायच्या आधी पिन काढून हातात घ्या, पुसा आणि प्रकाशात धरा. मधोमध बोटाला खाच लागली तर पिन गेली. ती वेल्डिंगने भरून परत वापरू नका, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं पोलाद ठिसूळ होतं. पिनऐवजी साधा नट-बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालणं हे अपघाताला आमंत्रणच आहे. बोल्ट आट्यांपाशी तुटतो आणि तुटायच्या आधी काही सांगत नाही.

ट्रॉलीच्या दांडीचं भोकही बघा. गोल राहिलं नसेल, लांबट झालं असेल, तर प्रत्येक गिअरला धक्का बसतो आणि तो धक्काच पुढे दांडीचं वेल्डिंग फोडतो. दांडी जिथे चॅसीला मिळते तिथला रंग खरवडून केसासारखी चीर दिसते का पाहा. गंजाची बारीक तपकिरी रेघ दिसली तर ती चीरच समजा.

पिन खालून क्लिपने लॉक झालेली हवी. आणि सुटी साखळी हवीच. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून बांधल्या, तर पिन निसटली तरी दांडी जमिनीत न घुसता त्या झोळीत पडते. वळताना ताणणार नाही इतकी ढील द्या, पण जमिनीला घासेल इतकी नको.

१२. ऊस भरताना वजन कुठे ठेवायचं?

दोन चाकांच्या, एकाच धुरीच्या ट्रॉलीत वजन धुरीवर आणि किंचित पुढे. मागे जास्त झालं तर दांडी हुकला वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि ब्रेकही जातो. चार चाकांच्या ट्रॉलीत दोन्ही धुरींवर सारखं भरायचं.

मोळ्या आडव्या-उभ्या करून थर अडकवत न्या आणि वरच्या थरावरून दोर किंवा साखळी बाजूंच्या हुकांना ओढून बांधा. पाच-सहा किलोमीटरनंतर थांबून पुन्हा ताण द्या, कारण ऊस दबतो आणि दोर ढिला पडतो. बाजूला लोंबणारी वाढी (उसाचे शेंडे) कापून टाका. मोटारसायकलवाल्याच्या हँडलला नेमकी तीच अडकतात.

१३. विजेच्या तारांखालून किती उंचीपर्यंत जाता येतं?

रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या तारा नियमाने किमान ५.८ मीटरवर आणि उच्च दाबाच्या ६.१ मीटरवर असायला हव्यात. पण शेतातल्या, रस्त्याच्या कडेला नसलेल्या ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारांना ४.६ मीटरचीच अट आहे. खांब कलला, तारेला झोळ आला की तेवढंही राहत नाही. फडातून बाहेर पडायची वाट बहुतेक अशाच तारेखालून जाते, आणि भरलेल्या ट्रॉलीवर माणूस बसला की चार-साडेचार मीटर सहज भरतात.

उंची मोजायची ती भाराची. वरून दोरी सोडा आणि दोरी मोजा. तारेची उंची काठीने मोजायला जाऊ नका. झोळ दिसला तर महावितरणला १९१२ वर कळवा आणि तोपर्यंत दुसरी वाट धरा. भार तारेला लागलाच तर चालकाने ट्रॅक्टरवरच बसून राहावं आणि कोणालाही जवळ येऊ देऊ नये. आग लागली तरच उतरायचं, तेही दोन्ही पाय जोडून लांब उडी मारून. ट्रॅक्टर आणि जमीन यांना एकाच वेळी हात-पाय लागता कामा नये.

१४. ट्रॉलीचे लाईट सतत बंद पडतात. वायरिंग कसं हवं?

सात पिनांच्या सॉकेटची नेहमीची जोडणी अशी: १ डावा इंडिकेटर (पिवळी वायर), २ मागचा फॉग दिवा (निळी), ३ अर्थ (पांढरी), ४ उजवा इंडिकेटर (हिरवी), ५ उजवा टेललाईट (तपकिरी), ६ ब्रेक लाईट (लाल), ७ डावा टेललाईट (काळी).

इंडिकेटर दिला की टेललाईटही लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबला की सगळे दिवे मंद होतात, ही अर्थ गेल्याची खूण. हुकातून अर्थ मिळेल या भरवशावर पांढरी वायर सोडून देतात. ग्रीस आणि गंजातून अर्थ मिळत नाही. पांढरी वायर ट्रॉलीच्या चॅसीला रंग खरवडून, बोल्टने पक्की करा. केबल दांडीवरून न्या, खालून लोंबली की उसाच्या बुडख्यात अडकून तुटते.

१५. रिफ्लेक्टर किती आणि कुठे लावायचे?

पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल. मागे दोन्ही टोकांना असू द्या, म्हणजे मागून येणाऱ्याला ट्रॉलीची रुंदी कळते. एकच मध्ये असेल तर अंधारात ती मोटारसायकल वाटते.

पत्र्यावरची पट्टी भरल्यावर वाढ्यांखाली झाकली जाते. म्हणून कापडी रिफ्लेक्टर ठेवा आणि भरून झाल्यावर, उसाच्या बाहेरून, बांधा. डिसेंबर-जानेवारीत उजनीच्या पाणलोटात पहाटे धुकं असतं. त्या दिवसांत काट्यावर पोहोचल्यावर फडक्याने टेललाईट आणि रिफ्लेक्टर पुसायला अर्धा मिनिट लागतं.

१६. पुणे-सोलापूर हायवेवर ट्रॅक्टर न्यायचा तर कसा?

डाव्या लेनमध्ये, एकसारख्या वेगात. चार किलोमीटरचा फेरा वाचवायला दुभाजकाच्या पुढच्या कटपर्यंत उलट्या दिशेने जाणं हा या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा घात आहे. २०१९ पासून ते कायद्यात स्पष्टपणे धोकादायक वाहन चालवणं धरलं जातं. कलम १८४ खाली पहिल्यांदा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैद.

दुभाजक ओलांडताना ट्रॅक्टर मधल्या जागेत मावतो, ट्रॉली मावत नाही, तिची शेपटी मागच्या लेनमध्ये राहते. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या दिसल्याशिवाय निघू नका. कार्तिकी एकादशीच्या आधीचे चार-पाच दिवस पंढरपूरकडे येणाऱ्या रस्त्यांवर पहाटे दिंड्या चालत असतात. त्या दिवसांत रात्रीच्या फेऱ्या टाळाव्यात. टेप एवढा मोठा लावायचा की मागच्याचा हॉर्न ऐकूच येत नाही, ही सवय कुठल्याही रस्त्यावर वाईटच.

१७. ट्रॉली मागे घेताना उलटीच वळते. युक्ती काय?

एका धुरीच्या ट्रॉलीसाठी स्टिअरिंग खालच्या बाजूला धरा. ट्रॉलीची शेपटी डावीकडे हवी असेल तर हात डावीकडे, उजवीकडे हवी तर उजवीकडे. थोडं-थोडं फिरवा आणि ट्रॉली वळायला लागली की लगेच सरळ करत आणा. टर्नटेबलवाल्या चार चाकी ट्रॉलीला दोन ठिकाणी सांधे असतात, तिथे ही युक्ती अर्धवटच चालते. दोन ट्रॉल्या मागे घ्यायचा नाद सोडा. मागची सोडवा.

१८. ऊसतोडीच्या टोळीला बिऱ्हाडासह ट्रॉलीतून आणता येतं का? लग्नाचं वऱ्हाड?

ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. भारावर, दांडीवर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवलेल्या कोणालाही विमा सहसा लागू होत नाही. टोळीसाठी टेम्पो-बस करा, भांडीकुंडी ट्रॉलीत जाऊ द्या.

आणि एक गोष्ट फडातली. रात्री भरायला उभ्या केलेल्या ट्रॉलीच्या आडोशाला, चाकाजवळ, टोळीतली पोरं झोपलेली असतात. ट्रॅक्टर चालू करण्याआधी चालकाने बॅटरी घेऊन ट्रॉल्यांभोवती पूर्ण फेरी मारावी, वाकून खाली बघावं आणि मगच सीटवर बसावं. हॉर्न पुरत नाही. थकलेलं पोर हॉर्नने उठत नाही.

१९. रस्त्यात टायर फुटला किंवा धुरी मोडली तर?

जमेल तितकं रस्त्याबाहेर घ्या. पार्किंग दिवे चालू ठेवा, त्रिकोणी रिफ्लेक्टर मागे किमान पन्नास पावलांवर ठेवा, हायवेवर त्याच्या दुप्पट. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला कळवा, कोणी जखमी असेल तर १०८ किंवा ११२. भरलेली ट्रॉली जॅकवर घेण्याआधी बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि जॅकशेजारी ओंडका घाला. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली जायचं नाही. ट्रॉली तिथेच सोडून जाणं हा कलम १२२ खाली गुन्हा आहे.

चाकं पुढे-मागे अडवायला दगड लावता ना? निघताना तेच दगड रस्त्यात राहतात, आणि रात्री त्यावर मोटारसायकल पडते. दगड मोजून लावा, मोजून उचला.

ट्रॅक्टरच बंद पडला तर टोचन करून नेता येतं. दोन वाहनांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, दोर किंवा साखळी दिसेल असं लाल फडकं बांधा, मागच्या वाहनावर पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ लिहा, आणि मागच्या वाहनाच्या स्टिअरिंगवर लायसनवाला चालक हवा. भरलेल्या ट्रॉलीसकट टोचन करू नका. आधी ट्रॉली सोडवा.

२०. कार किंवा पिकअपला छोटा ट्रेलर जोडता येतो का? जनरेटर, ब्लोअर न्यायचा आहे.

ट्रेलर नोंदलेला असेल (प्रश्न १, २) आणि गाडीच्या माहितीपुस्तकात ओढण्याची क्षमता दिली असेल तर. पुस्तकात ‘ट्रेलर ओढू नये’ लिहिलं असेल तर विषय संपला. पुढच्या-मागच्या बंपरमधला टोचनचा हुक बंद गाडी ओढण्यापुरता असतो, ट्रेलरसाठी नाही. भारापैकी साधारण दहावा हिस्सा हुकवर यावा, म्हणजे ट्रेलर डुलत नाही. डुललाच तर उपाय प्रश्न ९ मधलाच. चाकं लावलेला फवारणीचा ब्लोअर ‘अवजार’ म्हणून बिननंबराचा कारमागे नेणं चालत नाही.

२१. हंगाम संपल्यावर ट्रॉली सात महिने उभी राहते. काय करून ठेवायचं?

रिकामी करून धुवा. उसाचा रस आणि माती राहिली की तळाचा पत्रा पावसाळ्यातच गंजतो. चारही कोपऱ्यांना ओंडके देऊन चाकं जमिनीपासून सुटी करा, म्हणजे टायर एका जागी चपटे होत नाहीत. टायरांवर गोणपाट टाका, सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात रबराला चिरा पडतात. दांडीखाली मजबूत टेकू द्या, विटांचा ढीग नको. हब उघडून बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरायला हीच वेळ. पुढच्या हंगामात पहिल्या दहा किलोमीटरनंतर हबला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा गेलं आहे. चाकं काढली असतील तर नटही पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.